दंश दुखत नाही तेव्हा

उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे बेळगाव, बडोदे, इंदूर येथून कोकणातल्या मूळ घरी जातात. एप्रिल ते जून या त्याच काळात, आणि पुन्हा भातकापणीच्या सुमारास, तेथे तांबड्या विंचवाचे दंश अधिक होतात. एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, आकाराने मोठा तो काळा विंचूच अधिक विषारी नव्हे काय? नव्हे. काळी, जाड चिमट्यांची इंगळी दिसायला भयंकर खरी. पण जिवावर बेततो तो सडपातळ, दोन-तीन इंचांचा तांबडा विंचू. तो कोकणाप्रमाणेच सौराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू येथेही आढळतो.

दुसरी समजूत याहून घातक आहे. ठणका जितका मोठा तितके विष अधिक, असे आपण धरून चालतो. वस्तुतः केवळ दंशाच्या जागी असह्य वेदना होत असून बाकी प्रकृती ठीक असेल, तर रोगी बहुधा बचावतो. उलट, दुखणे फारसे नाही, पण मूल घामाने चिंब झाले आहे, वांत्या होत आहेत, तोंडातून लाळ गळते आहे आणि हातपाय गार पडले आहेत, तर संकट मोठे आहे, हे ओळखावे. नाथांच्या विंचवाच्या भारुडात घामाचा उल्लेख आहे. गाताना आपले लक्ष मात्र वेदनेकडेच जाते!

हे विष मज्जातंतूंना चेतवते, आणि अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम लोटली जातात. त्यामुळे बारीक रोहिण्या आवळतात, रक्तदाब चढतो. पाटाचे तोंड बांधून मोट हाकीत राहावे, तशी हृदयाची अवस्था होते. ते थकले की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि त्यातील पाणी श्वासाच्या जागेत झिरपते. मग धाप, खोकला आणि ओठांवर गुलाबी फेस. हा क्रम काही तासांतच पुरा होऊ शकतो.

हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा आहे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा. १९७६ मध्ये ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा गंभीर दंशाच्या दर शंभर रोग्यांतील सुमारे तीस दगावत. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी रात्री जागवून नाडी, रक्तदाब व श्वास यांची टिपणे ठेवली आणि मृत्यू हृदय व फुप्फुसे निकामी झाल्याने येतो, हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८२ मध्ये मांडले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. ती आवळलेल्या रोहिण्या सैल करते, म्हणजे पाटाचे तोंड मोकळे करते. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. एका खेड्यातल्या डॉक्टरने हे करावे, याचे मला आजही नवल वाटते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवावरील प्रतिविषही आता उपलब्ध आहे. बावस्कर दांपत्याने ७० रोग्यांवर केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनने बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले. जोडीला प्रतिविष दिले तेव्हा ८ तास.

तेव्हा घरी काय करावे? दंशाची जागा कापू नये, डागू नये, घट्ट बांधू नये. बर्फ लावण्यास हरकत नाही. विंचू उतरविणाऱ्याकडे घालविलेला तास परत मिळत नाही, आणि या विषात पहिले काही तासच मोलाचे. वरची लक्षणे दिसताच, आणि मूल लहान असल्यास लक्षणांची वाट न पाहता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे. प्राझोसिनची गोळी मात्र घरच्या डब्यातून, स्वतःच्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकाएकी उतरतो. म्हणून गोळीनंतर मुलाला उचलून कडेवर घेऊ नये, उठवून बसवू नये, आडवेच ठेवावे. मायेपोटी आयांकडून नेमके हेच होते.

आणि निघण्यापूर्वी दंशाची वेळ कागदावर टिपून घ्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.