मुलांचे आरोग्य : मध्येच थांबणारे रडे

सात-आठ महिन्यांचे, चांगले बाळसेदार मूल खेळता खेळता एकाएकी किंचाळते, गुडघे पोटाशी घेते, पांढरे पडते आणि दोन-तीन मिनिटांत शांत होते. पोटात वारा धरला असेल, असे म्हणून कोणी ओव्याचा शेक देतात, कोणी गुटी उगाळतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार! वाचकहो, मधल्या या शांततेवर आपण विसंबू नये.

सदऱ्यातून हात काढताना बाही अर्धी आत ओढली जावी, तसा लहान आतड्याचा शेवटचा भाग पुढच्या मोठ्या आतड्यात शिरतो. डॉक्टर यास इंटससेप्शन म्हणतात. तीन महिने ते दोन वर्षे या वयात तो अधिक आढळतो. बहुधा निश्चित कारण सापडत नाही. आतड्याच्या आकुंचनाची लाट आली की कळ येते, ओसरली की मूल निवते. परंतु आत शिरलेल्या भागाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात. काही मुले तर रडतही नाहीत, नुसती मलूल पडून राहतात. पुढे हिरवी उलटी होते. जांभळाच्या मुरंब्यासारखी, रक्त व शेंब मिसळलेली शी हे उशिराचे लक्षण. कित्येकदा ते दिसतही नाही. ती आव समजून आमांशाचे औषध देण्यात मोलाचे तास जातात. पोटावर तापल्या सळईचे डाग देण्याच्या क्रूर प्रथेविषयी तर बोलावयासच नको.

मंडला-डिंडोरीकडील खेड्यांतून जबलपूर गाठण्यातच कित्येक तास मोडतात. म्हणून जवळच्या डॉक्टरांस प्रथम हेच विचारावे, की सोनोग्राफी आणि लहान मुलांची शस्त्रक्रिया या दोन्ही सोयी एकत्र कोठे मिळतील? 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शक्य झाल्यास निघण्यापूर्वी सलाइन लावून घ्यावे. डॉक्टरांस विचारल्यावाचून तोंडाने काही देऊ नये, आणि शेवटचे दूध केव्हा पाजले ते लक्षात ठेवावे.

सोनोग्राफीत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसली की निदान होते. मग गुदद्वारातून नियंत्रित दाबाने हवा किंवा सलाइन सोडून आतडे मागे ढकलतात. मूल वेळेवर आले, तर बहुतेकांचे एवढ्यावर भागते. आतड्यास भोक पडले असेल, किंवा हा उपाय फसला, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही.

रोटाव्हायरसच्या लसीने हा रोग होतो, अशी धास्ती काही घरांतून असते. अमेरिकेतील एक जुनी लस याच कारणाने 1999 साली मागे घेण्यात आली, हे खरे. परंतु आपल्या देशी लसीची मोठी पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तीत असा संबंध आढळला नाही. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याची ही मात्रा चुकवू नये.

हवेने आतडे सुटलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे दहांना हा विकार पुन्हा होतो, बहुधा पहिल्या काही दिवसांतच. घरी परतल्यावर तसेच रडे ऐकू आले, तर सकाळची वाट न पाहता पुन्हा रुग्णालयाकडे निघावे.