कोपऱ्यावरची पिशवी

वाचकहो, आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, आपल्या वस्तीत अशी एक जागा असणारच. विजेच्या रोहित्रामागे, पडक्या भिंतीच्या आडोशाला किंवा रिकाम्या भूखंडाच्या तोंडाशी. तेथे कचरा टाकावा असे कोणी ठरविलेले नसते. एके दिवशी कोणी एक पिशवी ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिच्या सोबतीला दुसरी येते. आठवड्याने कुत्री त्या फाडतात, गायी त्यांतील शिळे अन्न पिशवीसकट गिळतात, आणि महिन्याभरात परगावचा पाहुणाही पत्ता विचारताना 'उकिरड्याच्या अलीकडे की पलीकडे?' असे विचारू लागतो.

आमच्या वसाहतीतील अशा एका जागेची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. ती सांगताना थोडा संकोच होतो, कारण तीत माझाही वाटा आहे.

आरंभी आम्ही सर्वांनी करावे तेच केले. 'येथे कचरा टाकणाऱ्यास दंड करण्यात येईल' अशी पाटी लावली. तिच्या खांबाला लोक पिशव्या अडकवू लागले. मग कोणी सुचविले म्हणून भिंतीवर देवादिकांची चित्रे असलेल्या फरश्या बसविल्या. ढीग आठ-दहा हात पुढे सरकला, एवढाच त्याचा परिणाम. शेवटी वर्गणी काढून कॅमेरा बसविला. चौथ्या दिवशी त्यात एक चित्र सापडले. पदर खोचलेली एक बाई हातातील पिशवी ढिगावर ठेवून झपाझप निघून जात होती. ते चित्र घटकाभरात वसाहतीतील सर्वांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचले. बाई ओळखीच्या होत्या. चार घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्या चारांपैकी एक घर आमचे.

रविवारी सभा भरली. मावशींना वसाहतीत येण्यास मनाई करावी असा ठराव मांडला गेला, आणि न्यायबुद्धीने म्हणा वा कुतूहलाने, त्यांना बोलावून घेण्यात आले. त्या दाराशी उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, ती पिशवी तुमच्या घरची. तुम्हीच माझ्या हातात दिली होती."

ते खरे होते. घंटागाडी सकाळी साडेआठला येई, तोवर आम्ही उभयता कामावर निघालेले असू. म्हणून संध्याकाळी मावशी निघताना 'जाता जाता एवढे टाकून द्या' असे सांगण्याची आमची रीत पडली होती. कुठे टाकावयाचे, हे आम्ही कधी सांगितले नव्हते. मी सभेत तसे कबूल केले. कोणी काही बोलले नाही. पुढचा विषय घेण्यात आला.

त्या रात्री झोप लागली नाही. कचरा दूर सारण्याची घाई मला, आणि गुन्हेगार म्हणून चित्र मात्र पोट भरण्यासाठी राबणाऱ्या बाईचे! दुसऱ्या दिवशी त्याच व्हॉट्सॲपवर मी लिहिले की पिशवी माझी होती, चित्र कृपया काढून टाकावे. दोघांनी अंगठा दाखविला. बाकीचे गप्प राहिले. असो.

मग एका शेजाऱ्यास सोबत घेऊन मी काही पहाटे आणि काही रात्री त्या कोपऱ्याजवळ बसलो. चोर पकडावयाचा नव्हता. कोण, केव्हा आणि का टाकतो एवढेच वहीत टिपून घ्यावयाचे होते. हा उद्योग आपणांसही सुचवावासा वाटतो, कारण आमचे कित्येक ग्रह त्यात गळून पडले. 'बाहेरचे लोक घाण करतात' हा आमचा लाडका सिद्धान्त होता. प्रत्यक्षात रुग्णालयात पहाटेच्या पाळीला जाणारी परिचारिका, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, आणि आमच्यासारखी नोकरदार कुटुंबे असे बहुतेक घरचेच निघाले. गाडीची वेळ त्यांना साधत नव्हती. बसथांब्याजवळच्या वडेवाल्यापाशी गाडी थांबतच नसे. आणि मध्यरात्रीनंतर एक टेम्पो येऊन राडारोडा ओतून जाई, त्याची तर आम्हांस वार्ताही नव्हती.

ही वही घेऊन आम्ही नगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो. 'कचरा साचतो' अशी तक्रार नित्याचीच. आम्ही मागितली संध्याकाळची दुसरी फेरी, कारणांसह आणि वेळांसह. 'माणसे नाहीत, निधी नाही' असे उत्तर मिळाले. वसाहतीतील एका निवृत्त वकिलांनी तेव्हा रतलामची गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशातील त्या शहरात न्यू रोडवरील रहिवासी उघडी गटारे, घाण आणि दुर्गंधी यांनी गांजून दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ अन्वये सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम त्यांनी मिळविला. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने ती सबब फेटाळली गेली. ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे. आम्हांस दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची पाळी आली नाही. अर्जाच्या शेवटी या निकालाचा एका ओळीत उल्लेख केला. लिपिकाने ती ओळ दोनदा वाचली. तीन महिने आणि चार हेलपाटे झाल्यावर संध्याकाळी सातची फेरी सुरू झाली. वडेवाल्याने झाकणाचे पिंप घेतले, आणि गाडी त्याच्यापाशी थांबू लागली.

मात्र सवयीने पाय त्याच कोपऱ्याकडे वळतात. बंगळूरमध्ये २०१० पासून 'द अग्ली इंडियन' नावाने, स्वतःची नावे न सांगता, काम करणारी नागरिकांची एक मंडळी आहे. असा कोपरा झाडून तसाच सोडावयाचा नाही, तेथे लगेच रंग द्यावयाचा, कुंड्या मांडावयाच्या, हा त्यांचा परिपाठ आम्ही उचलला. एका रविवारी फावडी, घमेली, खराटे घेऊन जमलो. कोणी काडी लावण्याची युक्ती काढली, ती जागच्या जागी मोडून काढली. प्लास्टिकचा धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो, आणि उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ सालीच दिलेला आहे. ढिगाच्या तळाशी जुन्या हातपंपाचा दगडी चौथरा निघाला. पंचविशीच्या आतील एकालाही तो तेथे असल्याचे ठाऊक नव्हते! भिंतीला गेरूचा रंग दिला, चौथरा धुतला, तुळस आणि सदाफुली लावली.

खरी कसोटी पुढच्या पंधरवड्यात लागली. चौथ्या रात्री एक पिशवी आलीच. ती आम्ही उजाडण्यापूर्वी उचलली. यात आळस करू नये; पहिली पिशवी दुपारपर्यंत राहिली की दुसरी येते, आणि सारे श्रम पाण्यात जातात. पाळीपाळीने हे करावे लागले. नवव्या दिवसानंतर पिशवी आली नाही.

टेम्पोचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बांधकामाच्या राडारोड्याविषयी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले, पण स्वयंपाकघराची फरशी बदलताना जुनी फरशी कुठे जाणार हे आपण ठेकेदारास विचारतो काय? आता आमच्या वसाहतीत ते विचारून, टाकल्याची पावती पाहून मगच शेवटचा हप्ता देतात. टेम्पो हल्ली येथे येत नाही. पुढच्या नाल्याकाठी जातो, असे ऐकतो. तेथील रहिवाशांना आमची वही दाखवावयाची आहे.

मावशींची मी क्षमा मागितली. "होऊ दे दादा," एवढेच त्या म्हणाल्या. ठराव मांडणाऱ्याच्या घरचे काम त्यांनी सोडले, आमचे नाही. संध्याकाळी सातला डबा घेऊन आता मीच खाली उतरतो. मावशी घरी जाताना कधी त्या चौथऱ्यावर क्षणभर टेकतात. मात्र आमच्या घरून बाहेर पडताना त्यांच्या हाती काही दिले, मग ती रद्दी असो वा शेजारी द्यावयाची वाटी, तर त्या आधी विचारतात, "कुठे द्यायची?"