वर्दीला हिशेब विचारला तर

मागच्या सुट्टीत घरी जाताना आंतर-हाऊस वादविवाद स्पर्धेचा विषय सोबत नेला होता: ‘पोलिसांवर नागरिकांची देखरेख असावी का?’ मी विरोधात बोलणार होतो. माझे बाबा पोलीस हवालदार आहेत. आमच्या घरी गणपतीची आरती बहुतेक वर्षी त्यांच्याशिवायच होते, कारण ते दुसऱ्यांच्या गणपतीच्या बंदोबस्ताला असतात. अशा माणसाच्या कामात बाहेरच्या कुणी बोट दाखवावे, हे मला पटत नव्हते.

भाषण ऐकून बाबा म्हणाले, “छान लिहिलंयस. पण ते माझ्या बाजूचं नाही.”

मग त्यांनी मला पाचवीतली गोष्ट आठवून दिली. ऐन डिसेंबरात त्यांची बदली झाली होती आणि माझी शाळा सुटली होती. एका वजनदार माणसाला हवी तशी फिर्याद बाबांनी लिहून घेतली नव्हती. बदलीच्या आदेशात कारण नव्हते. “तेव्हा का म्हणून विचारणारं कुणी असतं, तर बरं झालं असतं,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी वाचायला बसलो. आपल्या पोलीस व्यवस्थेचा पाया १८६१ च्या कायद्यात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो केला तो राज्य टिकवण्यासाठी. लोकांना उत्तर देणारे पोलीस त्यांना नकोच होते. स्वातंत्र्यानंतर १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याने आठ अहवाल दिले आणि ते बहुतांशी पडून राहिले. १९९६ साली प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. पोलिसांवर देखरेख हवी, ही मागणी घेऊन जाणाऱ्याने स्वतः आयुष्यभर वर्दी घातली होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

२२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. सरकारने पोलिसांवर अवाजवी दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग असावा. ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे मिळावीत. उपअधीक्षक व त्याखालच्या बदल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळाने ठरवाव्यात. आणि राज्य व जिल्हा पातळीवर, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली, पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. म्हणजे एकाच निकालात नागरिकाला पोलिसांपासून आणि पोलिसाला दबावापासून संरक्षण आहे. बाबांना हवे होते ते हेच.

प्रश्न विचारला जाईल, नागरिकांना पोलिसी कामातले काय कळते? आमच्या मेस कमिटीचे उदाहरण देतो. कमिटीतले कॅडेट स्वयंपाक करत नाहीत, आचाऱ्याला फोडणी शिकवत नाहीत. ते आलेला माल वजन करून घेतात, रजिस्टर पाहतात आणि सही करतात. छापा कधी घालायचा, जमाव कसा पांगवायचा, हे अधिकाऱ्यानेच ठरवावे. पण कोठडीत माणूस जखमी झाला तर का झाला, एकाच शिपायाला सलग दोन ड्युट्या का लागल्या, मंजूर जागा का भरल्या नाहीत, हे विचारायला पोलिसी प्रशिक्षण लागत नाही. आपले सैन्यही निवडून आलेल्या सरकारच्या अधीन आहे आणि त्याच्या खर्चाची तपासणी महालेखापरीक्षक करतात. त्याने सैन्याचा मान कमी झालेला नाही.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. तो खरा आहे, गुन्हेगारही तक्रार करतात. पण खात्याने खात्याच्याच माणसाला निर्दोष ठरवले तर लोक विश्वास ठेवत नाहीत. बाहेरच्या न्यायाधीशाने ठरवले तर तो डाग पुसला जातो.

अडचण अंमलबजावणीत आहे. पोलीस हा राज्यांचा विषय. अनेक राज्यांनी कायदे केले, पण करताना न्यायालयाचे निर्देश पातळ केले. कुठे प्राधिकरणात सेवेतले अधिकारीच बसतात, कुठे त्याच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. महाराष्ट्रानेही २०१४ साली आपला कायदा बदलला, पण प्राधिकरण जिल्ह्याऐवजी विभागाच्या पातळीवर ठेवले. दूरच्या तालुक्यातल्या मजुराला रोज बुडवून विभागाच्या गावी जावे लागत असेल, तर तो तक्रार करणारच नाही. प्राधिकरण जिल्ह्यातच हवे, त्याला स्वतःचे तपास करणारे लोक हवेत, आणि त्याचा वार्षिक अहवाल मराठीत, प्रत्येक ठाण्यात वाचायला मिळावा.

मी हाऊस मास्टर सरांना विचारून बाजू बदलून घेतली. स्पर्धा आम्ही हरलो. आमच्यापैकी काही जण सैन्यात जातील, काही पोलीस दलातही. इथे रोज सकाळी आपण बूट आणि बकल दुसऱ्याला तपासू देतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पुढे हातात अधिकार येईल, तेव्हा तोही तसाच तपासू द्यावा लागेल.