लॅपटॉप साफ करायला उघडला, तर वॉरंटी जाते का?

फॅनमध्ये धूळ साचली की लॅपटॉप तापतो. पण स्क्रू काढले की वॉरंटी गेली, असं सगळे सांगतात. खरं काय?

अमेरिकेत फक्त स्टिकर फाटलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, अशी फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका आहे. आधार १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा. जुलै २०२४ मध्ये त्यांनी एएसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅकला अशा स्टिकरवरून ताकीद दिली.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. म्हणून मी सांगेन, आधी वॉरंटीच्या अटी वाचा. ‘साफसफाईसाठी उघडू का?’ असा ईमेल कंपनीला टाका, उत्तर जपून ठेवा. मात्र उघडताना तुमच्या हातून केबल तुटली, तर तो खर्च तुमचाच. विनाकारण वॉरंटी नाकारली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.