लाल झालेला पाय

गेल्या महिन्यात बोईसरहून एक गृहस्थ वैतरणेच्या माझ्या दवाखान्यात आले. औद्योगिक वसाहतीतून निवृत्त, बारा वर्षांचा मधुमेह, आणि चालताना पोटरीत येणारा गोळा. खुर्चीवर बसताच त्यांनी डावी विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणाले, “डॉक्टर, बघा. रक्त पोचलं!” घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत पाय गुलाबी झालेला होता आणि तिथे आखल्यासारखी सरळ रेघ दिसत होती.

युरोपात व जपानमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्याचे स्नान देतात, त्याने पायांचे रक्ताभिसरण सुधारते, असे त्यांनी कुठेतरी पाहिले होते. घरी बादलीत गरम पाणी घेऊन त्यात खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, टाकून ते आठवडाभर रोज पाय बुडवत होते. मी पाय उचलून तळवा पाहिला. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड होता. त्यांना त्याची काहीच कल्पना नव्हती.

वाचकहो, या उपचाराला मी थोतांड म्हणणार नाही. जर्मनीतील बाड नाउहाइम येथे एकोणिसाव्या शतकापासून अशा फसफसणाऱ्या झऱ्यांत हृदयरुग्णांना स्नान देत आले आहेत. फ्रान्समधील रोया हे गावही त्यासाठीच प्रसिद्ध आहे. जपानमध्ये एक लिटर पाण्यात सुमारे एक ग्रॅम वायू विरघळलेला असेल, तरच त्या झऱ्याला उपचाराचा कार्बन डायऑक्साइडचा झरा म्हणता येते. आपल्याकडेही उन्हेरे आहेतच. तानसेच्या काठचे वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, शिवाय पालघरकडील कोकनेर आणि सातिवली ही नावे आपणांस परिचित असतील. परंतु त्या कुंडांचा गुण उष्णतेत व क्षारांत आहे. नाकाला जाणवतो तो गंधकाचा वास. त्यांचे पाणी सोड्याच्या बाटलीसारखे फसफसत नाही, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

कुतूहल मलाही स्वस्थ बसू देईना. एका रविवारी मी दोन बादल्या घेतल्या, दोन्हींत पस्तीस अंश सेल्सिअसचे दहा-दहा लिटर पाणी. उजवा पाय साध्या पाण्यात. डाव्याच्या बादलीत शंभर ग्रॅम सोडा आणि पंचाहत्तर ग्रॅम लिंबूसत्त्व. डाव्या पायावर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटले. पाचेक मिनिटांत तो पाय उजव्यापेक्षा अधिक उबदार वाटू लागला, वास्तविक तापमापक दोन्हीकडे सारखेच तापमान दाखवत होता. दहा मिनिटांनी बाहेर काढले तेव्हा उजवा पाय होता तसाच होता, डावा मात्र घोट्यापर्यंत गुलाबी. अर्ध्या तासात तो रंग ओसरला. (घरच्यांनी या शास्त्रीय प्रयोगाची यथेच्छ थट्टा केली, ती इथे नोंदवत नाही.)

याचे कारण असे. हा वायू मेदात सहज विरघळतो, म्हणून कातडीतून आत झिरपतो. तेथील सूक्ष्म धमन्या त्यामुळे सैलावतात. कष्ट करणारा स्नायू हाच वायू सोडून ‘इकडे रक्त पाठवा’ असा निरोप देत असतो. कातडीला बाहेरून तसाच निरोप मिळतो. ख्रिश्चन बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०४ साली दाखवून दिले की, कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आपला प्राणवायू अधिक सहजतेने सोडते. शिवाय त्वचेतील उष्णता जाणणारे मज्जातंतू या वायूने चेतवले जातात, म्हणून पाणी आहे त्याहून गरम भासते.

पण कातडी गुलाबी झाली म्हणजे पोटरीतील अरुंद झालेली धमनी उघडली, असे होत नाही. नळाची तोटी बदलून रस्त्यातली तुंबलेली वाहिनी मोकळी होत नसते. या स्नानाने चालण्याचे अंतर वाढल्याचे काही अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. आणि आमच्या गृहस्थांच्या पायाची लाली निम्मीअधिक नुसत्या गरम पाण्याची होती.

घरच्या बादलीचे गणितही पाहू. शंभर ग्रॅम सोड्यातून सुमारे बावन्न ग्रॅम वायू निघतो. पस्तीस अंशांच्या दहा लिटर पाण्यात फार तर अकरा ग्रॅम मावेल. उरलेला फेसाबरोबर हवेत जातो, आणि विरघळलेलाही हळूहळू त्याच वाटेने जातो. हवेत गेलेल्या या वायूचीच मला अधिक काळजी वाटते. शंभर ग्रॅम सोड्याचा वायू तीसेक लिटर भरतो. खिडकी उघडी असली की प्रश्न नाही. परंतु कोणी उत्साहाने टब भरून किलोभर सोडा ओतला, तर तीनशे लिटर! चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच बंद न्हाणीघरात हे प्रमाण साडेसहा टक्क्यांवर जाते. एरवी हवेत ते जेमतेम ०.०४ टक्के असते. इतक्या वायूत डोके ठणकते, धाप लागते, भोवळ येते. दहा टक्क्यांपुढे काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो, आणि टबात पहुडलेल्याचे नाक तिथेच असते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी आपली वडीलधारी मंडळी कंदील खाली का सोडत, ते आठवावे. २०२० च्या फेब्रुवारीत मॉस्कोत एका वाढदिवशी धुराच्या गमतीसाठी तरणतलावात ड्राय आइस ओतले गेले आणि तीन जण दगावले. तारापूर परिसरात सिलिंडर आणि ड्राय आइस मिळणे अवघड नाही, म्हणून स्पष्ट सांगतो: ही दोन्ही न्हाणीघरात नकोत.

निरोगी माणसाने हौस म्हणून पाय बुडवायचे असतील, तर पाणी छत्तीस अंशांच्या आत, तापमापकाने मोजलेले. वेळ दहा-पंधरा मिनिटे. खिडकी उघडी, दाराला कडी नाही, आणि घरात कोणीतरी जागे. बादलीवर तोंड धरून वाफ घेऊ नये. गॅस गिझर त्याच खोलीत असेल तर तो बंद ठेवावा. त्याचा कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा आणि कितीतरी अधिक घातक वायू आहे. हृदयविकार, दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, कमी रक्तदाब अथवा गर्भारपण असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मधुमेह्यांना मात्र मी पाय भिजवूच नका असे सांगतो. बधिर पायाला चाळीस आणि पन्नास अंशांतला फरक कळत नाही, त्यात हा वायू कोमट पाणीही गरम भासवतो, त्यामुळे उरलीसुरली जाणीवही फसवी ठरते. भिजून मऊ पडलेल्या कातडीला भेगा पडतात आणि जंतूंना दार उघडे होते.

त्या गृहस्थांच्या बोटांना मी कापसाचे टोक लावले. पाचही बोटे बधिर. पावलावरची नाडी उजवीकडे मंद, डावीकडे लागेनाच. फोडावर पट्टी बांधली, साखर तपासली आणि पायाच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलर तपासणीसाठी चिठ्ठी दिली. बिडी किती, असे विचारल्यावर ते प्रथम खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, “दिवसाला एक बंडल. पण सोड्याचं पाणी घेतल्यापासून जरा कमी केलंय.”

तीन आठवड्यांनी फोड भरला. आता तळवा रोज रात्री त्यांची पत्नी आरसा धरून पाहते. बंडल अजून अर्धे आहे.