बंदरावरील यारी आणि तिची आज्ञावली

बंगळूर नगरीस समुद्र नाही; तथापि देशातील पहिले अंतर्देशीय कंटेनर आगार १९८१ साली याच नगरीत उघडले गेले, आणि आज व्हाइटफील्डच्या आगारातून कंटेनर आगगाडीने बंदराची वाट धरतात. याच नगरीत मुख्यालय असलेल्या बीईएमएल या सरकारी कंपनीने २०२५ साली बंदरांवरील यारी, म्हणजेच क्रेन, भारतात बांधण्याविषयी कोरियातील ह्युंदाई समूहाच्या कंपन्यांशी सामंजस्य करार केला. या वार्तेचे स्वागत होणे उचितच आहे. मात्र यारी देशात बांधली म्हणजे तिजपासूनचा धोका टळला, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

जहाजातून कंटेनर उचलणारी आधुनिक यारी म्हणजे केवळ पोलादी सांगाडा नव्हे. तिच्या मोटारींना आज्ञा देणारा एक नियंत्रक संगणक असतो. उचललेले वजन, दोरांचा झोका, वाऱ्याचा वेग यांची नोंद करणारी उपकरणे असतात. बिघाड झाल्यास कारखान्यातील तंत्रज्ञास हजारो मैलांवरून तो पाहता यावा, म्हणून पुष्कळदा दूरसंपर्काचा मोडेमही बसवलेला असतो. सोय मोठी खरी. पण ज्या वाटेने दुरुस्ती येते, त्याच वाटेने उपद्रवही येऊ शकतो.

अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा फार झाली. तेथील बंदरांवरील अशा यारींपैकी सुमारे ८० टक्के शांघायच्या झेडपीएमसी या एकाच कंपनीच्या आहेत. काही यारींवर बंदरांनी न मागितलेले मोडेम आढळल्याचे तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२४ मधील अहवालात नमूद केले. कंपनीने आरोप नाकारले. त्याच चौकशीत स्वित्झर्लंडच्या एबीबी या कंपनीलाही जाब विचारला गेला, कारण चिनी सांगाड्याच्या कित्येक यारींत नियंत्रणयंत्रणा तिची होती. ही गोष्ट बोधप्रद आहे. सांगाडा एका देशाचा, नियंत्रक दुसऱ्या देशाचा, अशा यंत्राचे राष्ट्रीयत्व ठरवायचे तरी कसे?

महाराष्ट्राने या प्रश्नाची दुसरी बाजू अनुभवली आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स या धक्क्याचे काम ठप्प झाले. कारण तेथील यारींत नव्हते. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक कार्यक्रम पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या जाळ्यातून त्याच समूहाच्या या धक्क्यावर येऊन पोहोचला. भारताशी कोणाचे वैर नव्हते, कोणी न्हावा-शेव्यावर नेम धरला नव्हता. तरीही कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे हे सांगणारा संगणक मुका झाल्यावर धडधाकट यारींचा उपयोग काय? पुढे मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सज्ज करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

तेव्हा केवळ विक्रेत्याच्या देशाचे नाव पाहून यादीतून त्यास वगळणे हा अर्धाच उपाय होय, आणि कदाचित सोपा अर्धा. बंगळुरास बांधलेल्या यारीत परदेशी नियंत्रक असेल आणि त्याची आज्ञावली येथील कोणासही वाचता येत नसेल, तर त्या यारीस स्वदेशी म्हणणे हे रंगावरून जात ठरवण्यासारखे आहे. खरेदीच्या निविदेतच काही अटी हव्यात: आज्ञावली तपासण्याचा हक्क खरेदीदारास असावा, दूरसंपर्काची वाट एरवी बंद राहावी व बंदराच्या अधिकाऱ्याने उघडल्याविना उघडू नये, यारींचे जाळे कार्यालयीन संगणकांपासून वेगळे असावे, आणि जाळे तुटल्यावरही यारी चालकाच्या हाती चालावी.

या अटींनी किंमत वाढेल, असा आक्षेप येईल. ती वाढेलच. परंतु यारी पंचवीस-तीस वर्षे धक्क्यावर उभी राहते. एकदा रुळांवर चढलेल्या यंत्राच्या नियंत्रकाविषयी विक्रेत्याशी घासाघीस करण्याचे बळ खरेदीदाराजवळ फारसे उरत नाही. बंगळुरात संगणकतज्ज्ञांची वाण नाही, प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, शाखाही तेथे आहे. पहिल्या यारीचा नियंत्रक निवडला जाण्यापूर्वी त्यांना त्या मेजाशी बोलावले पाहिजे.