वेणांचें माहात्म्य

आपल्या वाङ्मयांत एक उपमा फार दिवस रूढ होऊन बसली आहे. कवीला कविता सुचली कीं त्याला प्रसववेदना झाल्या, कादंबरीकाराचें कथानक अडलें कीं त्याच्या वेणा लांबल्या, आणि नव्या युगाचा जन्म तर वेणांवांचून कधीं होतच नाहीं! ही उपमा योजणारे लेखक बहुतेक पुरुष असतात. आम्हीही वर्गांत तीस वर्षें ती बिनदिक्कत वापरीत आलों. समोर बसलेल्या मुलींपैकीं कित्येकींना तिचा अर्थ पुढें स्वतःच्या देहानें लावावा लागेल, हें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. उपमा निरुपद्रवी असती तर तिच्यावर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु वेदनेला वारंवार पवित्र म्हटलें कीं ती कमी करण्याचा प्रयत्न अपवित्र वाटूं लागतो. आणि आपल्या समाजाला तसें वाटत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या मुलीचें पहिलें बाळंतपण झालें. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चौदा तास ती वेणा देत होती. घरच्या कोणालाही आंत जाऊं दिलें नाहीं. वेदना कमी करण्याचें कांहीं साधन आहे काय, असें तिनें विचारलें, तेव्हां “सगळ्याच बायका बाळंत होतात,” एवढेंच उत्तर तिला मिळालें. बाहेर बांकावर बसून आम्ही मातोश्रींना म्हणालों, “आई, तुमच्या वेळच्या बायका मुकाट्यानें सोसत.” त्या म्हणाल्या, “अरे, आम्हांला ओरडायची लाज होती. कळ कांहीं कमी नव्हती.” या एका वाक्यानें आमचें तीस वर्षांचें अलंकारशास्त्र उघडें पडलें.

वेदनेचे कैवारी प्रथम निसर्गाचा हवाला देतात. हा युक्तिवाद नवा नाहीं, आणि आपलाही नाहीं. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सननें १८४७ च्या जानेवारींत ईथर व नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म प्रसूतीच्या कामीं योजलें. ‘तूं वेदनेनें मुलें प्रसवशील’ या बायबलांतील शापाचा आधार घेणाऱ्या आक्षेपकांना त्यानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुस्तिका लिहून उत्तर दिलें. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नसून कष्ट असा आहे, आणि आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं खुद्द परमेश्वरानेंच त्याला गाढ निद्रा आणली होती, हें त्यानें दाखवून दिलें. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मीग्ज या प्राध्यापकानें निसर्गाची ढाल पुढें केली. तेव्हां चालणें नैसर्गिक असतांही आपण गाडींत बसतोंच ना, असें सिम्प्सननें त्याला विचारलें. पुढें ७ एप्रिल १८५३ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें आठव्या अपत्याच्या वेळीं जॉन स्नोच्या हस्तें क्लोरोफॉर्म घेतलें. निसर्गाचा हा न्याय दांतदुखीला कोणी लावीत नाहीं. दाढ काढतांना सुई मागून घेणारा गृहस्थ पत्नीच्या बाळंतपणांत मात्र निसर्गभक्त होतो, हा चमत्कार आम्हांला उलगडत नाहीं.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे. सोसल्यावांचून माया उपजत नाहीं, असें म्हणतात. ज्या भाषेंत गौळणी गाइल्या गेल्या त्या भाषेंत हें म्हणवतें तरी कसें? वेणा देवकीनें दिल्या. पण वात्सल्याचें नांव निघतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें यशोदा येते. दत्तक मुलावर जीव टाकणाऱ्या आईला कोणी पावती विचारीत नाहीं. बापानें तर एकही कळ दिलेली नसते. तेवढ्यावरून त्याची माया खोटी ठरवावयास हे पंडित तयार आहेत काय?

तिसरा युक्तिवाद पूर्वजांच्या आयांचा. त्यांचें मौन पुरावा म्हणून पुढें करतात. पण ज्या बाळंतपणांत गेल्या त्यांची साक्ष कोण काढणार? आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं बाळंत झाल्या आणि त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि मीग्जच्याच फिलाडेल्फियांत १८८६ सालीं आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. पूर्वीची स्थिति पुरेशी होती असें त्यांना वाटलें असतें, तर समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती.

तथापि जुन्या बाळंतघरांत एक गोष्ट होती, ती मान्य केली पाहिजे. तेथें औषध नव्हतें, पण माणूस होतें. सुईण पाठ चोळी, आई हात धरी, कोणी धीर देई. आपण रुग्णालय आणलें आणि माणूस बाहेर बांकावर बसविलें! इंग्लंडांत ग्रँट्ली डिक-रीडनें १९३३ सालीं भीतीमुळें स्नायु ताठरतात व त्यामुळें वेदना वाढते, हें सूत्र मांडलें. सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूति कांहींशी लवकर होते व शस्त्रक्रिया कमी लागतात, असा निष्कर्ष पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोग एकत्र तपासून २०१७ सालीं कोक्रेनच्या परीक्षणानें काढला आहे. भारत सरकारनें सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला २०१६ सालींच अनुमति दिली. जी गोष्ट कागदावर आहे ती दाराशीं कां अडते?

आतां धोक्याचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. पाठीच्या कण्यांत सुईवाटे दिलें जाणारें एपिड्युरल सर्वांना चालत नाहीं. रक्तदाब उतरतो, कधीं ताप येतो, प्रसूतीचा शेवटचा टप्पा लांबतो, क्वचित् तीव्र डोकेदुखी जडते. तें द्यावयास भूलतज्ज्ञ हवा व नंतर लक्षही हवें. परंतु त्यामुळें पोट फाडण्याची पाळी येते, ही समजूत कोक्रेनच्या २०१८ च्या परीक्षणांत टिकली नाहीं. आणि निरोगी स्त्रीनें मागितल्यास एपिड्युरल द्यावें, अशी जागतिक आरोग्य संघटनेची त्याच वर्षाची शिफारस आहे. धोका आहे म्हणून माहिती द्यावी, हें योग्य. धोका आहे म्हणून प्रश्नच विचारूं देऊं नये, हें वैद्यक नव्हे.

यांतील विपर्यास असा कीं, जो समाज सुईला अनैसर्गिक म्हणतो तोच सुरीला मुकाट्यानें मान डोलावतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें खासगी संस्थांतील शंभरांपैकीं ४७.४ प्रसूति शस्त्रक्रियेनें झाल्या. सरकारी संस्थांत हें प्रमाण १४.३ होतें. याचीं कारणें अनेक आहेत, पण वेणांच्या भयानें शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रियाही त्यांत आहेत. ज्यांना आपण धीर दिला नाहीं, सोबत दिली नाहीं, औषधाची गोष्टही सांगितली नाहीं, त्यांनीं सुटकेचें एकच उघडें दार ठोठावलें तर त्यांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आम्हांला कोणावर औषध लादावयाचें नाहीं. जिला त्यावांचून प्रसूत व्हावयाचें आहे तिचा निश्चय आम्हांला वंदनीय आहे. मात्र तो तिचा असावा, सासरचा किंवा साहित्यिकांचा नसावा. सातव्या महिन्यांत ओटी भरण्याचा थाट होतो, त्याच वेळीं तिला सर्व उपाय व त्यांचे दोष सांगावे, वेणांच्या वेळीं तिचें माणूस तिच्याजवळ असावें, आणि तिनें मागितलें तर तिला उपहास न मिळतां उत्तर मिळावें, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि आमच्या लेखकबंधूंना एक विनंति. पुढच्या वेळीं कविता अडली तर खुशाल अडूं द्या. पण तिला वेणा म्हणण्यापूर्वीं घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारून या. आम्हीं फार उशिरां विचारलें.